डिलीटचं टूल एआय एजंटच्या हाती देताना डॉक्युमेंटेशनमध्ये काय काय हवं?

तापी_पूर्णा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातल्या केळी व्यापाऱ्यांचं आणि फ्रूटसेल सोसायट्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आम्ही जळगावातून चालवतो. शेतकऱ्याची नोंद, काटापट्टी (मालाच्या वजनाची पावती), उचल (शेतकऱ्याने घेतलेली आगाऊ रक्कम), बँकेतला भरणा, सगळं त्यात असतं. अलीकडे सोसायट्यांच्या ऑफिसांतून हे काम एआय एजंटकडून, म्हणजे माणसाच्या सांगण्यावरून स्वतः सॉफ्टवेअर चालवणाऱ्या एआयकडून, करून घेण्याची मागणी वाढली आहे. क्लार्क मराठीत सांगतो, "या आठवड्यात नवतीचा आणि पिलबागेचा किती क्विंटल माल गेला ते दाखव", आणि एजंट आमची टूल्स वापरून उत्तर आणतो. (नवती म्हणजे नवी लागवड, पिलबाग म्हणजे तिच्याच पिलांवर उभी राहिलेली बाग.)

बघण्याची आणि शोधण्याची टूल्स देऊन झाली, ती नीट चालतात. आता डिलीटचं टूल द्यायचं आहे. त्याचं डॉक्युमेंटेशन लिहिताना जे सुचतंय ते इथे मांडतो, कारण या विषयावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही आणि आपल्याकडे हे काम करणारे बरेच जण आहेत.

माणसाला आपण टूल देतो तेव्हा त्याच्याभोवती बरंच काही असतं. तो स्क्रीन बघतो, शेजारच्या टेबलावर विचारतो, लाल बटण दिसलं की हात आखडता घेतो. एजंटला मात्र टूलचं नाव, वर्णन, पॅरामीटर आणि टूलने परत दिलेलं उत्तर एवढंच दिसतं. त्यात जे लिहिलेलं नाही ते तो अंदाजाने भरतो. शोधण्याच्या टूलमध्ये अंदाज चुकला तर पुन्हा शोधता येतं, डिलीटमध्ये ती सोय नाही.

आणि तो अंदाज कोऱ्या पाटीवरून करत नाही. जगभरातल्या डिलीटच्या टूल्सबद्दल त्याने वाचलेलं असतं आणि आपलंही तसंच असेल असं तो धरून चालतो. साधं उदाहरण घ्या. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ट्रंकेट (अख्खं टेबल रिकामं करण्याची आज्ञा) हा ट्रान्झॅक्शनच्या आत असेल तर रोलबॅक करता येतो, म्हणजे मागे घेता येतो; मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ट्रंकेट केला की आपोआप कमिट होतो आणि मागे फिरता येत नाही. नाव एकच, परिणाम वेगळा. म्हणून आपलं टूल रूढ टूल्सपेक्षा जिथे वेगळं वागतं, तिथे ते शब्दांत सांगितलंच पाहिजे.

बहुतेक ठिकाणी डिलीटच्या टूलचं वर्णन असं असतं: "शेतकऱ्याची नोंद डिलीट करतं. आयडी किंवा फिल्टर द्या." हे वाचून एजंटला काय कळलं? त्या शेतकऱ्याच्या काटापट्ट्यांचं काय होणार, उचल बाकी असली तर काय, परत आणता येतं का, फिल्टर रिकामा दिला तर एकही नोंद जाणार नाही की सगळ्याच जातील? यातलं काहीच नाही.

आम्ही सध्या जे लिहिलंय ते असं आहे:

"एका शेतकऱ्याची वैयक्तिक माहिती पुसतं: मोबाइल, पत्ता, बँक खातं, फोटो. काटापट्ट्या आणि उचलीच्या नोंदी पुसत नाही. त्यांच्यावरचं नाव काढून फक्त नोंद-क्रमांक ठेवतं. पुसलेली माहिती ३० दिवसांच्या आत सोसायटीचा सचिव परत आणू शकतो. एजंटला ते करता येत नाही. ३० दिवसांनंतर कोणालाच करता येत नाही. उचल बाकी असलेल्या शेतकऱ्याची नोंद हे टूल पुसत नाही. शेतकऱ्याने एखादा हंगाम माल दिला नाही एवढ्या कारणासाठी हे टूल वापरू नका. त्यासाठी 'नोंद स्थगित करा' हे टूल आहे. फक्त नोंद-क्रमांक चालतो, नाव चालत नाही. एका वेळी एकच क्रमांक."

नाव का चालत नाही हे आपल्या भागातल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. एकाच गावात त्याच नावाचे, त्याच आडनावाचे तीन-चार शेतकरी असतात, कधीकधी वडिलांचं नावही तेच. त्यात वाघोदा खुर्द आणि वाघोदा बुद्रुक. शोधण्याच्या टूलने दहा नावं दिली आणि त्यातलं पहिलं एजंटने उचललं, तर चुकीच्या माणसाचं बँक खातं पुसलं जाईल आणि भरण्याच्या दिवशीच ते कळेल.

दुसरी बाब तारखांची. जुन्या हंगामाच्या तात्पुरत्या नोंदी पुसायचं वेगळं टूल आहे, त्यात "या तारखेआधीच्या" असा पॅरामीटर आहे. तो दिवस धरून की सोडून? आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग ऑक्टोबर-नोव्हेंबरात. "मागचं वर्ष" म्हणजे यातलं कोणतं, हे एजंटने ठरवू नये. आणि वेळ कुठली? आपल्याकडे रात्री ट्रक भरले जातात, काटे रात्री होतात. १ एप्रिलच्या पहाटे २ वाजता झालेला काटा जागतिक प्रमाणवेळेत ३१ मार्चच्या रात्री साडेआठचा असतो. सर्व्हर त्या वेळेने चालत असेल आणि डॉक्युमेंटेशनमध्ये त्याचा उल्लेख नसेल, तर नव्या वर्षाचे पहिले साडेपाच तास जुन्यात धरून पुसले जातील. आम्ही लिहिलंय: "तारीख भारतीय वेळेप्रमाणे. दिलेला दिवस सोडून त्याच्या आधीच्या. तारीख दिली नाही तर टूल काहीही करत नाही."

तुमच्याकडे काय करता? काय सुटलंय?

पांझराकाठ

लेख आवडला, पण माझा एक मूळ आक्षेप आहे. डॉक्युमेंटेशन म्हणजे कुलूप नव्हे. "हे टूल वापरू नका" असं लिहिलेलं वाक्य एजंट दहा वेळा पाळेल आणि अकराव्या वेळी बोलण्याच्या ओघात विसरेल. जे घडूच नये ते कोडमध्ये अडवा. एजंटच्या चावीला डिलीटचा अधिकारच देऊ नका, विषय संपला.

आणि माणसंही काही कमी नाहीत. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (कोड ठेवण्याची ऑनलाइन सेवा) काय झालं ते आठवा. रात्री उशिरा, दुय्यम सर्व्हरवरची डिरेक्टरी पुसायची म्हणून इंजिनियरने कमांड दिली आणि ती मुख्य सर्व्हरवर चालली. सुमारे ३०० जीबी डेटा गेला. बॅकअपच्या ज्या सोयी होत्या त्या ऐन वेळी कामाला आल्या नाहीत, त्यातला एक तर आवृत्तीच्या तफावतीमुळे होतच नव्हता आणि कोणाला पत्ताच नव्हता. शेवटी सहा तास आधीची प्रत सापडली म्हणून निभावलं. तिथे डॉक्युमेंटेशन चांगलं असतं तर वाचलं असतं असं मला वाटत नाही.

तापी_पूर्णा

पांझराकाठ दादा, कुलूप कोडमध्येच हवं, शंभर टक्के मान्य. उचल बाकी असेल तर टूल खरोखरच नकार देतं, एका वेळी दुसरा क्रमांक घेतच नाही. वर जे लिहिलंय त्यातलं एकच वाक्य निव्वळ भरवशावर आहे, 'स्थगित करा' वापरायचं ते.

पण अधिकारच द्यायचा नाही म्हटलं तर काम उरतंच. शेतकरी म्हणाला माझा नंबर काढा, तर कोणाला तरी ते करावंच लागणार. आणि कुलूप आहे पण डॉक्युमेंटेशनमध्ये त्याचा उल्लेख नाही, असं असेल तर एजंट त्या कुलपाला बिघाड समजतो आणि दुसरी वाट शोधतो. नकार कशासाठी आहे हे आधीच माहीत असेल तर तो थांबतो आणि माणसाला सांगतो. म्हणून दोन्ही हवं, आणि दोन्हींत एकच गोष्ट लिहिलेली हवी.

गिटलॅबच्या उदाहरणातून मी वेगळी गोष्ट घेतो. आपण कुठल्या सर्व्हरवर आहोत हे त्या माणसाला त्या क्षणी समोर दिसत नव्हतं. म्हणून आमच्या प्रत्येक उत्तरात पहिली ओळ अशी आहे: "खरी सोसायटी" किंवा "सरावाची सोसायटी", आणि सोसायटीचा क्रमांक. हे एजंटला विचारावं लागत नाही.

मेहरूणची_बोरं

मी टेस्टिंग करते. मागच्या कामात बनावट डेटावर एजंटला डिलीटचं टूल देऊन आम्ही पाहिलं होतं, त्यातलं एक वागणं सांगते, कारण मला तेच सगळ्यात घातक वाटतं.

एजंटला सांगितलं, अमुक गावातल्या दुबार नोंदी काढ. त्याने फिल्टर लावला, टूलने उत्तर दिलं: "० नोंदी हटवल्या." तांत्रिकदृष्ट्या अगदी खरं उत्तर. गावाचं नाव डेटाबेसमध्ये वेगळ्या पद्धतीने लिहिलेलं होतं, एवढंच. पण एजंटला काम पूर्ण करायचं असतं. शून्य म्हणजे आपला फिल्टर फार अरुंद पडला असं समजून त्याने गाव काढून तालुका घातला. बनावट डेटा होता म्हणून पुढे काय झालं ते आम्ही शांतपणे बघू शकलो. पाऊणएक तालुका साफ.

यात एजंटने नियम मोडला असं म्हणता येत नाही. "शून्य" याचा अर्थ काय आणि त्यानंतर काय करायचं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मग आम्ही उत्तर बदलून पाहिलं: "या अटीत एकही नोंद बसली नाही. काहीही पुसलेलं नाही. अट सैल करून पुन्हा डिलीट करू नका; गावाचं नाव शोधण्याच्या टूलने तपासा आणि ज्याने काम सांगितलं त्याला विचारा." त्यानंतर तो थांबायला लागला. वर्णनात तेच वाक्य आधीपासून होतं, तरी तिथे वाचून तो तितका थांबत नव्हता. उत्तरात वाचून थांबला. माझं मत असं झालंय की डिलीटच्या टूलचं खरं डॉक्युमेंटेशन त्याच्या उत्तरांत असतं, कारण एजंट ते नेमकं निर्णयाच्या क्षणी वाचतो.

असंच दुसरं उत्तर म्हणजे आधीच पुसलेली नोंद. एचटीटीपीच्या नियमाप्रमाणे डिलीट पुन्हा पाठवला तरी परिणाम तोच राहायला हवा, पण दुसऱ्या वेळी बहुतेक सर्व्हर ४०४ देतात. एजंट ते वाचतो, "नोंद सापडली नाही, म्हणजे क्रमांक चुकला", आणि जवळपासचा क्रमांक शोधायला लागतो. नेट मध्येच तुटलं आणि पहिलं उत्तर पोचलं नाही की हे हमखास होतं, आणि आपल्याकडे लाइट आणि नेट दोन्हींचं तुम्हाला माहीतच आहे. तिथे सरळ लिहा: "ही नोंद अमुक तारखेला, अमुक वाजता पुसली गेली आहे. काम झालेलं आहे. आणखी काही करू नका."

तिसरं, शेरा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये शेऱ्याचा रकाना असेलच. क्लार्क मंडळी त्यात काहीही लिहून ठेवतात. "जुनं खातं काढून टाकणे, मुलाच्या नावावर करणे." हा त्यांचा स्वतःसाठीचा टिपणवजा मजकूर. एजंट शोधताना ती नोंद वाचतो आणि त्याला तो हुकूम वाटू शकतो. कोणी मुद्दाम खोडसाळपणाने लिहिलं तर आणखी वाईट. वर्णनात हे स्पष्ट हवं की नोंदीच्या आत लिहिलेला मजकूर हा डेटा आहे, आदेश नाही. आदेश फक्त समोर बोलणाऱ्या माणसाकडून. पण इथे मी पांझराकाठ दादांच्या बाजूने आहे, नुसत्या वाक्यावर हे सोडू नका.

हतनूर

बोरंताई, शून्याचं उदाहरण सेव्ह करून ठेवलं.

एक तांत्रिक भर. तुम्ही एमसीपीवरून (एजंटला टूल्स जोडण्याचं एक मानक) टूल देत असाल तर मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून टूलबरोबर काही खुणा देता येतात: टूल फक्त वाचणारं आहे का, विध्वंसक आहे का, पुन्हा चालवलं तर परिणाम तोच राहतो का, बाहेरच्या जगाशी संबंध येतो का. खूण दिलीच नाही तर टूल विध्वंसक धरलं जातं, ही चांगली सावधगिरी आहे. पण त्यांच्या इंग्रजी नावांत 'हिंट' आहे, त्याप्रमाणे त्या नुसत्या सूचना आहेत. भरवशाचा सर्व्हर नसेल तर क्लायंटने त्यांच्यावर विसंबू नये असं त्या मानकातच म्हटलंय. खूण लावली म्हणून वर्णन तोकडं ठेवू नका.

आणि जुन्या टूल्सकडून शिकण्यासारखं खूप आहे. टेराफॉर्ममध्ये (सर्व्हर वगैरे उभे करण्याचं टूल) आधी प्लॅन दिसतो, काय बनेल, काय बदलेल, काय नष्ट होईल, मग अप्लाय. गिट क्लीन (कोडच्या फोल्डरमधल्या गिटमध्ये नोंद नसलेल्या फायली पुसणारी आज्ञा) नुसतं चालवलं तर नकार देतं. एन हा पर्याय लावला तर काय पुसलं जाईल ते दाखवतं, एफ लावला तरच पुसतं. मायएसक्यूएलमध्ये सेफ अपडेट्स चालू असेल तर चावीच्या रकान्यावरची अट किंवा लिमिट नसलेलं डिलीट चालतच नाही. आधी दाखव, मग कर, ही शिस्त नवीन नाही. तुमच्या टूलमध्ये आधी दाखवण्याची सोय आहे का?

तापी_पूर्णा

आहे. दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात एजंट "काय पुसलं जाईल ते दाखव" म्हणतो. त्याला यादी, संख्या आणि एक टोकन (तात्पुरत्या परवानगीचा संकेत) मिळतं. टोकन दहा मिनिटं चालतं आणि त्याच नोंदीला बांधलेलं असतं. दुसऱ्या टप्प्यात ते टोकन दिल्याशिवाय काही पुसलं जात नाही. मधल्या वेळेत नोंद बदलली, म्हणजे समजा नवा काटा झाला, तर टोकन रद्द.

वर्णनात लिहिलंय की पहिल्या टप्प्याचं उत्तर माणसाला दाखवा आणि त्याने हो म्हटल्यावरच दुसरा टप्पा करा.

पांझराकाठ

आणि एजंटने पहिला टप्पा केला, टोकन घेतलं, आणि माणसाला न दाखवता लगेच दुसरा केला तर? दोन्ही टप्पे त्याच्याच हातात आहेत. कागदावर दोन टप्पे, प्रत्यक्षात एकच.

हतनूरभाऊंनी गिट क्लीनचं उदाहरण दिलं, त्यावरूनच पुढचं सांगतो. ते नकार देताना काय म्हणतं बघा: एफ दिलेला नाही म्हणून नकार. माणसासाठी हे उत्तम, तो वाचून क्षणभर विचार करतो. एजंटसाठी ती पुढची पायरी आहे. "एफ नाही म्हणून नाही झालं, मग एफ लावूया." नकाराच्या वाक्यातच पळवाट सांगितलेली असेल तर एजंट ती घेणारच, कारण त्याला ती मदत वाटते. "उचल बाकी आहे. तरीही पुसायचं असेल तर सक्ती=होय द्या" असं कुठेही लिहू नका. तो पॅरामीटर एजंटच्या टूलमध्ये असूच नये. नकार देताना पुढची वाट माणसाकडे जाणारी सांगा: "उचल बाकी आहे. सचिवांना कळवा."

मेहरूणची_बोरं

पांझराकाठ दादा, हे अगदी खरं. मी टेस्टमध्ये हेच बघते, नकाराचं प्रत्येक वाक्य वाचून विचारते की यात पुढचं क्रियापद कोणाचं आहे. एजंटचं असेल तर ते त्याच्या अधिकारातलं आणि निरुपद्रवी हवं.

तापी_पूर्णा

दोघांचंही पटलं. टोकन एजंटला न देता सचिवाच्या मोबाइलवर ओटीपी पाठवायचा आणि तो एजंटला सांगावा लागेल, असं आता करतोय. म्हणजे डॉक्युमेंटेशनमध्ये जोडायचं: "ओटीपी तुम्हाला कुठेही वाचायला मिळणार नाही. अंदाजाने भरू नका. तीनदा चुकल्यास टूल त्या नोंदीपुरतं दिवसभर बंद होतं." दर वेळी सचिवाला त्रास होईल, पण एका सोसायटीत अशा विनंत्या येऊन येऊन किती येणार?

शहादेकर

मी सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा-तळोदा भागात मिरची आणि पपईच्या खरेदीचं असंच काम बघतो. कायद्याचा भाग कोणी काढला नाही म्हणून लिहितो.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे ज्याची माहिती आहे त्याला ती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य बंधनं १८ महिन्यांनी लागू होतात. पण त्याच कायद्यात हेही आहे की दुसऱ्या कायद्याने जी माहिती ठेवणं भाग आहे ती ठेवता येते. जीएसटीत नोंदणी असेल तर हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात.

आता एजंट या दोन्ही गोष्टी कुठेतरी वाचून आलेला असतो. शेतकरी म्हणाला "माझं सगळं पुसा", तर एजंट कलम १२ आठवून काटापट्ट्याही पुसायला निघेल, किंवा जीएसटी आठवून मोबाइल नंबरही पुसायला नकार देईल. कायद्याचा अर्थ लावण्याचं काम त्याच्यावर सोडू नका. तुमच्या वकिलाने जे ठरवलं ते रकान्याच्या नावानिशी लिहा: हा रकाना पुसला जातो, हा राहतो, या कारणासाठी राहतो. तुमच्या वर्णनात काय राहतं ते आहे, का राहतं ते नाही. कारण नसेल तर एजंट शेतकऱ्याला काहीतरी कारण स्वतः बनवून सांगेल.

आणखी एक. काम झाल्यावर एजंट काय सांगतो ते फार महत्त्वाचं. "तुमची सगळी माहिती कायमची पुसली" हे वाक्य तो सहज बोलून जाईल, आणि ते खोटं असेल, कारण ३० दिवस ती परत आणता येते आणि बॅकअपमध्येही असतेच. केळीचा घड कापला तर शेजारचं पील वाढून पुढच्या वर्षी पिलबाग उभी राहते, कंदासकट केळ उपटली तर नाही. तुमचं टूल पहिले ३० दिवस घड कापतं, नंतर कंद उपटतं. आणि बॅकअपमध्ये आणखी किती दिवस राहतं ते तुम्ही लिहिलेलंच नाही.

तापी_पूर्णा

बॅकअप आणखी ३५ दिवस राहतात, म्हणजे पुसल्यापासून जास्तीत जास्त ६५ दिवसांनी शेवटची प्रत जाते. हे वर्णनात घालतो. आणि एजंटने सांगायचं वाक्यही टूलच्या उत्तरातच देतो, म्हणजे त्याला ते रचावं लागणार नाही:

"मोबाइल, पत्ता, बँक खातं आणि फोटो आजपासून वापरात नाहीत. ३० दिवसांत सचिवांकडे अर्ज केल्यास परत आणता येतील. बॅकअपमधूनही जास्तीत जास्त ६५ दिवसांत जातील. काटापट्ट्या आणि उचलीचा हिशेब कायद्यामुळे ठेवावा लागतो, त्यावर तुमचं नाव राहणार नाही."

शहादेकर भाऊ, नोंद-क्रमांकावरून मूळ माणूस ओळखता येईल अशी जोडयादी कुठे राहते का, हा प्रश्न तुम्ही आता विचाराल. राहत नाही, ३० दिवसांनंतर तीही जाते.

वरणगाव_फाटा

सगळं वाचतोय. एक व्यावहारिक शंका. तुम्ही सगळे वर्णनात भर घालत चाललात. एजंटकडे तुमची वीस टूल्स असतील, प्रत्येकाचं वर्णन पानभर झालं तर तो मजकूर प्रत्येक संभाषणात सोबत वाहतो, खर्च वाढतो आणि मुद्द्याचं वाक्य गर्दीत हरवतं. कुठेतरी थांबायला हवं ना?

मेहरूणची_बोरं

हवंच. माझी पद्धत अशी: टूल निवडण्यासाठी जे लागतं ते वर्णनात. काय पुसतं, काय पुसत नाही, परत येतं का, याऐवजी कोणतं टूल. पॅरामीटर भरताना जे लागतं ते त्या पॅरामीटरच्या वर्णनात, म्हणजे तारखेबद्दलचं सगळं तारखेपाशी. आणि चुकल्यावर किंवा झाल्यावर जे लागतं ते उत्तरात. धागाकर्त्यांनी वर दिलेलं वर्णन दहा-अकरा वाक्यांचं आहे, डिलीटच्या टूलला तेवढं शोभतं. बाकी एकोणीस टूल्सना दोन ओळी पुरतात. जपून लिहायचं ते जिथून मागे फिरता येत नाही तिथे.

विशेषणं मात्र काढून टाका. "अत्यंत काळजीपूर्वक वापरा", "महत्त्वाचा इशारा". याने एजंटला करायचं काय ते कळत नाही. कधी तो घाबरून साधं कामही करत नाही, कधी दुर्लक्ष करतो. "उचल बाकी असेल तर नकार" हे वाक्य दहा इशाऱ्यांच्या तोडीचं आहे.

हतनूर

सहमत. आणि एक, डॉक्युमेंटेशन बदललं की बोरंताईंच्या त्या टेस्ट पुन्हा चालवा. वर्णनातला एक शब्द बदलला तरी एजंटचं वागणं बदलतं, म्हणून वर्णनाचाही कोडसारखाच इतिहास ठेवा. आम्ही वर्णनं कोडबरोबर रेपोतच (कोडचा इतिहास ठेवण्याची जागा) ठेवतो, बदल दुसऱ्याने वाचल्याशिवाय जात नाही.

कांदेबाग

नंबर एक लिखं शे भाऊ सगळ्यांनी. मी प्रोग्रामर नाही. सोसायटीच्या ऑफिसात बसतो, काटापट्ट्या माझ्याच हातून जातात. बरंचसं समजलं, थोडं डोक्यावरून गेलं. पण तो ओटीपी सचिवांच्या मोबाइलवर येणार म्हणता, तर प्रत्यक्षात काय होणार ते सांगतो. सचिव बागेत असतील किंवा बैठकीत. ते मला फोन करून विचारतील, "ओटीपी आलाय, देऊ का?" आणि मी स्क्रीनवर बघून हो किंवा नाही म्हणणार.

आता स्क्रीनवर काय असेल? तुम्ही म्हणता यादी दिसेल. नोंद-क्रमांक ४४७१ आणि नाव. मला ४४७१ म्हणजे कोण ते माहीत नसतं, आणि नावाचे चार जण आहेत. मी घाईत हो म्हणेन. मला माणूस ओळखू यायचा तर गाव खुर्द की बुद्रुक ते पाहिजे, शेताचा गट नंबर पाहिजे, मागचा काटा कधी झाला आणि कांदेबागेचा होता की पिलबागेचा ते पाहिजे. एवढं दिसलं की मी डोळे झाकून सांगू शकतो, हा आपला धरणाकडचा की हा फाट्यावरचा. मोबाइलचे शेवटचे चार आकडे दाखवले तर आणखी बरं, फोन लावून विचारता येईल.

तापी_पूर्णा

कांदेबाग दादा, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हतं. एजंटला काय कळतं याचाच विचार चालला होता, तो माणसासमोर काय ठेवतो याचा नाही. "माणसाला दाखवा" एवढंच लिहिलं तर एजंट त्याला योग्य वाटेल तेवढं दाखवणार, बहुतेक वेळा क्रमांक आणि नाव, कारण तेच सुटसुटीत दिसतं.

आजच बदलतोय. पहिल्या टप्प्याचं उत्तर आता असं येईल, आणि वर्णनात लिहितोय की हा मजकूर जसाच्या तसा दाखवा, संक्षेप करू नका:

"खरी सोसायटी. एक नोंद पुसली जाणार आहे. गाव: वाघोदा बुद्रुक. गट नंबर: अमुक. मागचा काटा: अमुक तारीख, कांदेबाग, अमुक क्विंटल. उचल: बाकी नाही. मोबाइलचे शेवटचे चार आकडे: अमुक. याच नावाच्या इतर नोंदी या गावात: ३."

शेवटची ओळ तुमच्यामुळे सुचली. सचिवांच्या ओटीपीच्या मेसेजमध्येही गाव, गट नंबर आणि ती ओळ जाईल, म्हणजे ते बागेत असले तरी तिथेच ओळखतील.

कांदेबाग

हां, आता बरोबर. फक्त गट नंबरच्या आधी गटाचा पोटहिस्सा असेल तर तोही टाका. भावाभावांत वाटण्या झाल्या की गट नंबर एकच राहतो.

तापी_पूर्णा

टाकतो. उद्या सरावाच्या सोसायटीत लावून ठेवतो, तुम्ही एकदा चारही नोंदी उघडून बघा आणि ओळखू येतात का ते सांगा.